वीस जागा, एक्कावन्न दावेदार

पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लिश फुटबॉल क्लब विकत घेतला, तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक, आणि १९९५ चा इंग्लंडचा विजेता. मे २०१२ मध्ये तो खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये घसरला. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये गेला आणि वर्षभरात तिथून वर आला. २०२३ मध्ये त्याचे ६९ गुण झाले, सहाव्या आलेल्या संडरलँडइतकेच. गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतलं अंतर, कमी पडला म्हणून ब्लॅकबर्न सातवा, आणि बढतीसाठीच्या प्ले-ऑफमध्ये जागा तेव्हा फक्त सहाव्या क्रमांकापर्यंत होती. २०२५ मध्ये पुन्हा सातवा, या वेळी दोन गुणांनी.

ब्लॅकबर्नच्या चाहत्यांना विचारलं तर बहुतेक जण मालकांकडे बोट दाखवतील, आणि त्यात तथ्य आहे. क्लब हाती आल्यावर काही आठवड्यांतच अनुभवी सॅम अलार्डाइस यांना काढण्यात आलं. २०१२-१३ च्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस प्रशिक्षक होते, तर मायकल अॅपलटन ६७ दिवस. असा कारभार कुणालाच मानवत नाही.

पण मालकांची चूक एवढंच कारण धरलं, तर इतर क्लबांचं काय करायचं? नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला होता. १९९९ मध्ये प्रीमियर लीगमधून गेलेला हा क्लब परतला २०२२ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी. लीड्सला १६ वर्षं लागली, इप्सविचला २२. ब्रायटनला पहिल्या श्रेणीत परतायला ३४ वर्षं लागली. मालक वेगळे, शहरं वेगळी, चुकाही वेगळ्या; प्रतीक्षा मात्र सगळ्यांचीच लांबलचक. इतक्या जणांच्या बाबतीत तेच घडतं तेव्हा कारण माणसांइतकंच रचनेतही शोधावं लागतं.

सुरुवात साध्या मोजणीपासून करू. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत एकूण ५१ क्लब तिथे खेळले. जागा मात्र २०. त्यातले आर्सेनल, चेल्सी, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम हे सहा क्लब या सगळ्या काळात एकदाही खाली गेले नाहीत. म्हणजे १४ जागा आणि ४५ दावेदार. या ४५ पैकी प्रत्येकाच्या चाहत्यांना मनापासून वाटतं की आपला क्लब मुळात वरच्या श्रेणीतलाच आहे. दर वर्षी त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा भ्रमनिरास होणं हे जागांच्या संख्येनेच ठरवून टाकलेलं असतं.

आता थोडी शक्यतांची गणना. चॅम्पियनशिपमध्ये २४ क्लब असतात आणि दर हंगामात तीन वर जातात. समजा, चोवीसच्या चोवीस अगदी तुल्यबळ आहेत. मग प्रत्येकाला दर वर्षी आठात एक संधी. सरासरी प्रतीक्षा आठ वर्षांची. दहा वर्षं उलटूनही बढती न मिळण्याची शक्यता २६ टक्के. सोळा वर्षांनीही न मिळण्याची सुमारे १२ टक्के, आणि तेवीस वर्षांनीही न मिळण्याची साडेचार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कुणाचीही काहीही चूक नसताना, वीसेक क्लबांपैकी एखादा तेवीस वर्षांनंतरही तिथेच असेल. फॉरेस्टची कहाणी ऐकताना मोठं अघटित वाटतं, पण कुणाच्या तरी वाट्याला ती येणारच होती.

प्रत्यक्षात सगळे क्लब तुल्यबळ नसतात हे उघड आहे. पण चांगला संघ असल्याचा फायदा किती, हे पाहिलं की फुटबॉलचा खरा स्वभाव कळतो. या खेळात गोल फार कमी होतात, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण अडीच. अशा विरळ घटनांचं गणित फ्रेंच गणिती पॉयसाँ यांच्या नावाने ओळखलं जातं. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून वर्षाला किती सैनिक मरतात, याच्या नोंदींना हे सूत्र लावून पाहिल्याचं १८९८ मधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. फुटबॉलमधले गोलही बऱ्याच अंशी त्याच सूत्राने पडतात.

ते सूत्र वापरून एक हिशेब मांडतो. आपला संघ सामन्याला सरासरी दीड गोल करेल अशा ताकदीचा आहे, आणि समोरचे संघ सरासरी एक गोल करतील असे. म्हणजे आपण दीडपट सरस. तरी आपण जिंकणार ४९ टक्के सामने, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. २६ टक्के बरोबरीत सुटतील आणि २५ टक्के हरू. चॅम्पियनशिपच्या ४६ सामन्यांत यातून सरासरी ७९ गुण जमतात. २०२४-२५ मध्ये ७९ गुणांना चौथा क्रमांक मिळाला असता, आदल्या वर्षी पाचवा. दीडपट सरस असण्याचं फळ काय, तर प्ले-ऑफचं तिकीट.

आणि तेही नक्की नाही. याच हिशेबात निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार सुमारे नऊ गुणांचा निघतो. तोच संघ, तेच खेळाडू, तीच मेहनत, आणि शेवटी गुण ७० होऊ शकतात किंवा ८८. दर तीन हंगामांतल्या एकात तर या मर्यादेच्याही बाहेर जातील. २०२२ मध्ये बोर्नमथ बरोबर ८८ गुणांवर दुसरा येऊन थेट वर गेला. २०२४ मध्ये हल सिटी ७० गुणांवर सातवा राहिला. हलने प्रशिक्षक लियम रोसिनियर यांना लगेच निरोप दिला. पुढच्या हंगामात ४९ गुणांवर हल कसाबसा गोलफरकाने तगला. तितक्याच गुणांचा लुटन खाली गेला. त्या सातव्या क्रमांकात रोसिनियर यांचा दोष किती आणि चेंडूच्या नशिबाचा किती, हे एका हंगामाच्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येत नाही. पण क्लबांचे निर्णय याच आकड्यांवर होतात. माझ्या मते मध्यम क्लबांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं: योगायोगाला उत्तर म्हणून नीट चाललेली घडी मोडली जाते.

मग प्ले-ऑफ. पहिले दोन क्लब थेट बढती घेतात, त्यांच्या मागचे तिसऱ्या जागेसाठी आपसांत भिडतात आणि अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर होतो. २०२५ मध्ये शेफील्ड युनायटेड ९० गुणांवर तिसरा होता, संडरलँड ७६ वर चौथा. नऊ महिन्यांत कमावलेलं चौदा गुणांचं अंतर वेम्बलीवर काहीच मोलाचं ठरलं नाही. भरपाई वेळेत गोल झाला आणि २-१ ने संडरलँड आठ वर्षांनी परतला. हा अन्याय वाटतो खरा, पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती पैशाकडे पाहिल्याशिवाय दिसत नाही.

२०२४-२५ मध्ये साउदॅम्प्टन प्रीमियर लीगमध्ये तळाला होता. अख्ख्या हंगामात १२ गुण. तरी लीगकडून त्याला १० कोटी पौंडांहून जास्त मिळाले. प्रीमियर लीगचा देशांतर्गत प्रक्षेपणाचा करार २०२५ पासून चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा. खालच्या तिन्ही श्रेणींतल्या ७२ क्लबांचा मिळून करार २०२४ पासून पाच वर्षांसाठी ९३.५ कोटींचा. या दरीत पडणारा क्लब एकदम मोडू नये म्हणून त्याला तीन वर्षांपर्यंत ‘पॅराशूट’ रक्कम दिली जाते. प्रीमियर लीगचे क्लब प्रक्षेपणाचा जो पैसा समसमान वाटून घेतात, त्यातल्या एका वाट्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २०. एकच हंगाम वर राहिलेल्या क्लबाला दोनच वर्षं. पहिल्या वर्षाची रक्कम साडेचार कोटी पौंडांच्या आसपास जाते. पॅराशूट नसलेल्या चॅम्पियनशिप क्लबाला प्रीमियर लीगकडून मिळतात साधारण पन्नास लाख.

या पैशाचं पुढे काय होतं, ते स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे. १९७८ ते १९९७ या काळातल्या ४० इंग्लिश क्लबांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरासरी क्रमांकांतला ९२ टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरून उलगडत होता. एका हंगामात योगायोग बलवान असतो. वीस हंगामांची सरासरी काढली की तो विरून जातो आणि उरतो तो पैसा.

२०२२ ते २०२५ या चार हंगामांत थेट बढती मिळवणारे आठ मानकरी पाहा: फुलम, बोर्नमथ, बर्नली, शेफील्ड युनायटेड, लेस्टर, इप्सविच, लीड्स आणि पुन्हा बर्नली. आठपैकी सात पॅराशूटवाले. अपवाद एकटा इप्सविच, आणि तो तर लीग वनमधून लागोपाठ दोन बढत्या घेत वर गेला. अशी कामगिरी क्वचितच दिसते. आता त्याच चार वर्षांतले प्ले-ऑफ विजेते: फॉरेस्ट, लुटन, साउदॅम्प्टन, संडरलँड. यांतल्या तिघांकडे पॅराशूट नव्हतं. उदाहरणं थोडी आहेत हे मान्य, पण सूत्र स्पष्ट आहे. ४६ सामन्यांत पैसा आपलं काम चोख करतो. दोन-तीन सामन्यांत योगायोगाला वाव उरतो. ज्यांच्या हाती पैसा नाही, त्यांच्यासाठी ती बेभरवशाची वेम्बलीच सगळ्यात रुंद वाट आहे.

ही दरी भरून काढायची म्हणून बाकीचे मालक खिसा रिकामा करतात. गेल्या दशकात अनेक हंगामांत चॅम्पियनशिप क्लबांचा पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाहून जास्त झाला आहे. शंभर पौंड येतात आणि शंभराहून जास्त फक्त पगारात जातात. यामागचा पेच अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्ये एका खेळातून मांडला होता. एक डॉलरची नोट लिलावात ठेवायची. सर्वांत मोठ्या बोलीला नोट मिळेल, पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्यालाही आपली रक्कम भरावी लागेल आणि हाती काही येणार नाही. थोड्याच वेळात बोली डॉलरच्या वर जाते, कारण हरून सगळं घालवण्यापेक्षा आणखी थोडं वाढवणं दोघांनाही शहाणपणाचं वाटतं. चॅम्पियनशिपमध्ये अशी बोली लावणारे पंधरा-वीस जण असतात. पैसे सगळ्यांचे जातात, नोट तिघांना मिळते.

हे कसं घडतं, ते २०१६ च्या एका लढतीत दिसतं. त्या हंगामात ब्रायटन आणि मिडल्सब्रो दोघांचे ८९ गुण झाले. शेवटच्या दिवशी ते एकमेकांशीच खेळले, १-१ बरोबरी झाली आणि हंगामाच्या गोलफरकात दोन गोलांनी सरस म्हणून मिडल्सब्रो वर गेला. ब्रायटन प्ले-ऑफमध्ये आला, तिथे त्याला ७४ गुणांच्या शेफील्ड वेन्सडेने हरवलं. वेन्सडे अंतिम सामना हलविरुद्ध एका गोलाने हरला. दोन्ही क्लब थोडक्यात हुकले होते.

ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम हे शक्यतांच्या हिशेबावर पैजा लावून श्रीमंत झालेले गृहस्थ. ८९ गुण हा बढतीच्या ताकदीचा संघ आहे, यंदा फासे उलटे पडले, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रशिक्षक ख्रिस ह्यूटन कायम राहिले आणि पुढच्याच वर्षी ब्रायटन दुसरा येऊन वर गेला. वेन्सडेने मात्र हुकलेल्या घासामागे खर्च वाढवत नेला. चॅम्पियनशिपच्या तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांत जास्तीत जास्त ३.९ कोटी पौंड तोटा चालत होता. त्या मर्यादेत बसण्यासाठी हिल्सबरो हे आपलं मैदानच क्लबाने मालकाला सहा कोटींना विकलं. हिशेब ज्या वर्षात दाखवला त्यावरून १२ गुणांची शिक्षा झाली, अपिलात ती सहावर आली. २०२१ मध्ये क्लब ४१ गुणांवर लीग वनमध्ये घसरला. ४४ गुणांचा डर्बी वाचला. ते सहा गुण असते तर वेन्सडे टिकला असता. २०२३ मध्ये तो परतला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि पुन्हा १२ गुण कापले गेले.

डर्बीचंही सुटलं नाही. २०१४ आणि २०१९ मध्ये वेम्बलीवर हरलेला हा क्लब २०२१ मध्ये प्रशासकाकडे गेला. त्या हंगामात मैदानावर ५५ गुण कमावले आणि २१ शिक्षेत गमावले, आणि क्लब लीग वनमध्ये घसरला. चॅम्पियनशिपमध्ये टिकायला ते ५५ आरामात पुरले असते.

या दोन्ही शहरांत पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर येणारी माणसं आहेत, आणि त्यांनी काहीही चूक केलेली नाही. आठात एक अशा संधीसाठी क्लबाने बारा-पंधरा वर्षं टिकून राहणं हीच तर मुख्य गोष्ट आहे. जो क्लब तिसऱ्या वर्षी सगळं पणाला लावतो, तो पुढच्या डझनभर सोडती स्वतःच्या हाताने फाडून टाकतो. ब्रेंटफर्ड २०२० मध्ये वेम्बलीवर हरला, पण गुणी खेळाडू स्वस्तात हेरून महाग विकण्याचा आपला शिरस्ता त्याने सोडला नाही, आणि २०२१ मध्ये ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत पोहोचला.

वर गेल्यावर टिकणंही कठीण होत चाललं आहे. २०२३ ला बढती मिळालेले तिन्ही क्लब २०२४ ला परत खाली आले, २०२४ चे तिन्ही २०२५ ला. लागोपाठ दोन वर्षं असं याआधी कधी झालं नव्हतं. खाली येताना त्यांनी पुन्हा पॅराशूट आणलं आणि चॅम्पियनशिपमधल्या बाकीच्यांची संधी तेवढी आणखी आकसली.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणींत पैशाच्या वाटणीवर एकमत झालं नाही, तर शेवटचा निर्णय देण्याचा अधिकार या नियामकाकडे आहे. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यात पॅराशूट रकमेला त्याने हात लावायचा नाही असं म्हटलं होतं. नंतरच्या मसुद्यात ती अट काढून टाकण्यात आली.