पुरलेली भिंत उपग्रहाला दिसत नाही

मे 2011 मध्ये बीबीसीने बातमी दिली: इजिप्तमध्ये उपग्रहाच्या मदतीने 17 हरवलेले पिरॅमिड सापडले, शिवाय हजारावर थडगी आणि तीन हजारांच्या आसपास प्राचीन वस्त्या. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या (बर्मिंगहॅम) पुरातत्त्वज्ञ सारा पार्कॅक यांचं हे काम. सुमारे 700 किलोमीटर उंचीवरून घेतलेली इन्फ्रारेड चित्रं त्यांनी वापरली होती. काम अस्सल आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण ती बातमी लोकांपर्यंत पोचली ती अशी: अवकाशात एक एक्स-रे कॅमेरा आहे, तो वाळूच्या आरपार पाहतो आणि खाली काय पुरलंय ते सांगतो. हा गैरसमज अजूनही घट्ट बसलेला आहे.

असा कॅमेरा नाही. इन्फ्रारेड प्रकाश जमिनीत शिरत नाही, पृष्ठभागावरूनच परततो. उपग्रहाला दिसतो तो मातीचा आणि पिकाचा सगळ्यात वरचा थर. खाली काही दडलं असेल तर त्याने वरच्या थरात काही ना काही फरक केलेला असतो, आणि तो फरक आपल्या डोळ्यांपेक्षा उपग्रहाच्या संवेदकाला जास्त चांगला कळतो.

तो फरक कसा पडतो? शेतात दीड-दोन फुटांवर जुन्या दगडी भिंतीचा पाया आहे असं धरा. तिथे मातीचा थर पातळ, मुळांना खोल जायला वाव नाही, पाणी लवकर संपतं. पाऊस लांबला की पाया जिथून जातो त्या ओळीत पीक आधी खुरटतं. भिंतीऐवजी बुजलेला खंदक असेल तर उलटं घडतं. तिथे माती खोल आणि भुसभुशीत असते, ओल टिकते आणि पीक उशिरापर्यंत हिरवं राहतं. ब्रिटनमध्ये विमानातून असे पट्टे हेरून पुरातत्त्वज्ञ शंभर वर्षांपासून नकाशे काढत आले आहेत.

आता इन्फ्रारेडची करामत. पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं. हिरवा थोडा परत येतो, म्हणून पान हिरवं दिसतं. पण लाल रंगाच्या पलीकडे, साधारण 700 नॅनोमीटरच्या पुढे, हरितद्रव्य प्रकाश शोषणं जवळजवळ थांबवतं. पानाची आतली रचना ढोकळ्यासारखी जाळीदार असते: पेशी, मध्ये हवेच्या पोकळ्या, पुन्हा पेशी. पेशीतून हवेत आणि हवेतून पेशीत जाताना प्रकाश दर वेळी थोडा वळतो, थोडा उलटतो. त्यामुळे लालच्या लगेच पलीकडचा हा प्रकाश, म्हणजे निकट-इन्फ्रारेड, पान जवळपास निम्मा परत फेकतं. आपल्याला ते दिसत नाही, पण दिसलं असतं तर पावसाळ्यातलं रान झगझगीत भासलं असतं.

पीक तहानलं की पानं कमी होतात, मधली जमीन उघडी पडते, हरितद्रव्य घटतं. निकट-इन्फ्रारेड उतरतं आणि त्याच वेळी परत येणारा लाल प्रकाश वाढतो. म्हणून शास्त्रज्ञ एक साधं गणित करतात: निकट-इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. बेरजेने भागायचं कारण असं की उतारावर ऊन तिरपं पडलं किंवा विरळ सावली आली तर दोन्ही किरणं साधारण सारख्याच प्रमाणात कमी होतात, आणि भागाकारात ती घट बरीचशी कटून जाते. चित्राच्या प्रत्येक चौकटीसाठी (पिक्सेलसाठी) उणे एक ते अधिक एक यांच्यामधला आकडा मिळतो. शेतकऱ्याला बांधावरून पिवळेपणा जाणवायच्या आधी हा आकडा हलायला लागतो. मात्र चौकट केवढी, यावर सगळं अवलंबून आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची उत्तम चौकट 10 मीटरची असते, तिच्यात मीटरभर रुंदीची भिंत विरून जाते. पार्कॅक यांनी वापरलेल्या व्यावसायिक उपग्रहांची चित्रं मीटरपेक्षाही बारीक होती, म्हणून नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तानिस शहराच्या गल्ल्या आणि घरं त्यांत उमटली. तिथे साक्ष पिकाने दिली नाही, मातीनेच दिली. कच्च्या विटांच्या भिंती भोवतालच्या गाळापेक्षा दाट असतात आणि ओल वेगळ्या तऱ्हेने धरतात. तानिसला फ्रेंच पथकाने सुमारे 3,000 वर्षांपूर्वीचं एक घर खणलं, तेव्हा त्याची बाह्यरेषा चित्राशी जवळपास तंतोतंत जुळली.

मातीची साक्ष आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजवायला नको. गावठाणाची पांढरी आणि शेताची काळी हा भेद खेड्यात सर्वांना ठाऊक असतो. शेकडो वर्षं चुलीची राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंतींची माती एकाच जागी जिरली की तिथली जमीन फिकट, राखट होते. इनामगाव, नेवासे, दायमाबाद इथली उत्खननं अशाच पांढरीच्या टेकाडांवर झाली. शेतकरी ही माती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात, त्यात अनेक टेकाडं संपलीही.

ब्यॉर्न मेंझे आणि जेसन उर या संशोधकांनी 2012 मध्ये ईशान्य सीरियात जे केलं ते याच धर्तीचं होतं. माणसाच्या वस्तीने बदललेली माती निरनिराळ्या तरंगलांबींना किती प्रकाश परतवते, हे त्यांनी आधी माहीत असलेल्या टेकाडांवरून संगणकाला शिकवलं. एक चित्र पुरत नाही. नांगरट, पाऊस, उभं पीक यांनी तीच जमीन दर महिन्याला वेगळी दिसते, म्हणून वर्षानुवर्षांची चित्रं एकावर एक तपासली. 23,000 चौरस किलोमीटरमध्ये सुमारे 14,000 वस्तीस्थानं निघाली, आठ हजार वर्षांच्या काळात पसरलेली. चौकट अवघी 15 मीटरची. माझ्या मते हे काम 17 पिरॅमिडांपेक्षा मोठं आहे, पण सामान्य वाचकाला त्याचं नावही माहीत नसतं, कारण त्यात सोनं नाही आणि फेरोही नाही.

त्या 17 आकृत्यांबद्दल सांगायचं तर, तेव्हाचे इजिप्तचे पुरातत्त्वमंत्री झाही हवास यांनी लगेच आक्षेप घेतला: चित्रात दिसते ती विसंगती, ती काय आहे हे खणल्याशिवाय ठरत नाही. त्यांचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता.

खाली पाहणारा एक अपवाद आहे, तो रडारचा. नोव्हेंबर 1981 मध्ये कोलंबिया यानावरच्या रडारने पूर्व सहारात वाळूखाली गाडलेली प्राचीन नद्यांची पात्रं टिपली. सुमारे 23 सेंटिमीटर लांबीच्या लहरी कोरड्या वाळूत मीटर-दोन मीटर जातात. वाळूत ओल असली की हे जमत नाही.

चित्रावरून वय तर मुळीच कळत नाही. 2002 साली भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या उथळ पट्ट्याचं नासाचं छायाचित्र ‘17.5 लाख वर्षांपूर्वीचा मानवनिर्मित पूल’ म्हणून जगभर फिरलं. चित्र आमचं आहे, हा अर्थ आमचा नाही, कक्षेतल्या चित्रावरून वय किंवा मानवी निर्मिती ठरवता येत नाही, असं नासाने स्पष्ट केलं. तरी तो मजकूर आजही नासाच्या नावावर खपवला जातो. श्रद्धा ज्याची त्याची, पण न लागलेला शोध शास्त्रज्ञांच्या नावावर टाकणं ही फसवणूक आहे.

वायव्य भारतातून पाकिस्तानात जाणाऱ्या घग्गर-हाक्रा नदीचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. 1980 मध्ये प्रा. यशपाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून या नदीचं 6 ते 8 किलोमीटर रुंदीचं जुनं पात्र दाखवलं. निरीक्षण उत्तम होतं. त्यावरून हडप्पाकाळी इथे दुथडी भरलेली हिमनदी-पोषित नदी होती, हे मात्र अनेकांनी परस्पर गृहीत धरलं. 2017 मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांच्या गटाने राजस्थानातल्या कालीबंगन या हडप्पाकालीन स्थळाजवळ पात्रात बोअर घेतले. पुरलेल्या वाळूकणांत भोवतालच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठत जाते आणि ऊन लागताच रिकामी होते. ती मोजली की कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते समजतं. उत्तर निघालं: पात्र सतलजचं होतं, पण सुमारे 8,000 वर्षांपूर्वी, म्हणजे हडप्पाची शहरं उभी राहण्याच्या बऱ्याच आधी, सतलजने ते सोडलं होतं. 2019 मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी याच नदीच्या वाळूतल्या अभ्रकाचा उगम तपासून वेगळा निष्कर्ष काढला: 9,000 ते 4,500 वर्षांपूर्वी ती बारमाही होती आणि सतलजचे फाटे तिला पाणी पुरवत होते. त्यामुळे आता प्रश्न त्या फाट्यांचा आहे: सतलजचा मुख्य प्रवाह पश्चिमेला वळल्यावर त्यांतून किती पाणी येत राहिलं, आणि किती काळ. पात्राची रुंदी त्याबद्दल काही सांगत नाही.