पार्श्वभूमी : चार सेकंदांची स्लाइड

स्वतःच्या आयुष्यातली पडझड फोटोंतून, गाण्यांच्या साथीनं, लोकांसमोर उभं राहून दाखवायची, हा विषय निघाला की बोलणं 1979 च्या न्यूयॉर्कपाशी येतं. तिथल्या एका नाइटक्लबात पंचविशीतली छायाचित्रकार नॅन गोल्डिन प्रोजेक्टर घेऊन उभी राहिली. तिच्याकडे स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरनं पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक फिल्मच्या चौकटी होत्या, त्याचं कारण साधं होतं. आधी ती ज्या समुद्रकाठच्या गावी राहत होती तिथे डार्करूम नव्हती, त्यामुळे शिक्षकांना काम दाखवायला ती प्रिंटऐवजी रंगीत स्लाइडच न्यायची. अडचणीपोटी लागलेली सवय पुढे तिचं माध्यम ठरली.

समोर बसलेले बरेचसे लोक फोटोतलेच होते. कुणी नशेत, कुणी प्रेमात, कुणी नुकतंच भांडून वेगळं झालेलं. पडद्यावर आपण दिसलो की कुणी आरोळी ठोके, कुणी चिडे. पुढच्या खेपेला क्रम बदललेला असे, काही फोटो गळालेले असत, गाणीही वेगळी असत.

याला मराठीत काय म्हणायचं, हा माझ्या मते या विषयातला खरा गुंता आहे. आपल्याकडे सर्रास ‘प्रदर्शन’ लिहितात. प्रदर्शन भिंतीवर टांगलेलं असतं, तुम्ही आलात काय नि न आलात काय. ‘सादरीकरण’ म्हणावं तर त्या शब्दाला आता ऑफिसच्या पीपीटीचा वास येतो. ‘परफॉर्मन्स’ जसाच्या तसा घेतला तर तो कॅमेऱ्यापुढचा की प्रेक्षकांपुढचा, हे कळत नाही. मला ‘प्रयोग’ हाच शब्द योग्य वाटतो. ‘आज प्रयोग आहे’ असं नाटकवाला म्हणतो, तेव्हा कालचा वेगळा झाला होता आणि उद्याचा कसा होईल सांगता येत नाही, हे त्यात आलंच. स्लाइडच्या खेळात ते अक्षरशः खरं होतं. मध्येच बल्ब जायचा. ट्रेमध्ये स्लाइड अडकायची. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म फुगून चित्र एकदम धूसर व्हायचं आणि कुणीतरी अंधारात चाचपडत लेन्स फिरवायचं.

वाद आहे तो नंतर या खेळाची डिजिटल आवृत्ती चालवण्याच्या निर्णयाचा. खेळ वाढत वाढत सुमारे 700 स्लाइड आणि पाऊण तासापर्यंत गेला, म्हणजे एका स्लाइडच्या वाट्याला जेमतेम चार सेकंद. 80 स्लाइडचा एक ट्रे धरला तर नऊ ट्रे लागतात. ऐंशीच्या दशकात गाण्यांचा पट्टा पक्का झाला. 1985 मध्ये हे काम न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गेलं, 1986 मध्ये त्याचं पुस्तक झालं. 2004 मध्ये फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक या अमेरिकी कंपनीनं स्लाइड प्रोजेक्टर बनवणंच थांबवलं आणि संग्रहालयांतून डिजिटल आवृत्ती चालू लागली. संग्रहालयांचं म्हणणं खोटं नाही: दिव्यापुढे धरलेली स्लाइड दर वेळी थोडा रंग गमावते, आणि जपणूक केली नसती तर हे काम हळूहळू विटून गेलं असतं. ती स्वतःही नंतर संकलनात फेरफार करत राहिली. तरीही रिकाम्या खोलीत आपोआप पहिल्यापासून सुरू होणाऱ्या फाइलला मी प्रयोग म्हणणार नाही. बटणावर कुणाचंही बोट नसतं, आणि ज्यांचं दुःख दाखवलं जातं त्यांच्यापैकी कुणी त्या खोलीत नसतं.

ते बोट का महत्त्वाचं, हे एका फोटोवरून कळतं. 1984 मध्ये बर्लिनमध्ये तिच्या प्रियकरानं तिला इतकं मारलं की डोळा जाण्याची वेळ आली. महिन्यानंतरचा तिचा चेहरा त्या फोटोत आहे: एका डोळ्यात रक्त साकळलेलं, ओठांवर लालभडक लिपस्टिक, कानांत लोंबते डूल, गळ्यात मोत्यांची माळ. नजर थेट आपल्याकडे. पुस्तकात या पानावर वाचक हवा तितका वेळ रेंगाळू शकतो. प्रयोगात चार सेकंद, खट्ट आवाज आणि पुढची स्लाइड. किती वेळ बघू द्यायचं, हे तिच्या हातात.

त्याच दशकात लंडनमध्ये दुसरी वाट निघाली. 1982 मध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या एका छायाचित्रकार बाईनं आपल्याच स्तनावर ‘ही माझी मालमत्ता?’ अशा अर्थाचा, स्वतःच्या नावानिशी प्रश्न लिहून फोटो काढून घेतला. पुढे एका सहकारी स्त्रीबरोबर ती आळीपाळीनं कॅमेऱ्यापुढे आणि कॅमेऱ्यामागे उभी राहत असे, आई होऊन, लहान मूल होऊन जुने प्रसंग पुन्हा वठवत असे. इथे प्रेक्षक एकच, कॅमेरा धरलेला. तरी मी यालाही प्रयोगच म्हणेन.

त्याआधीचं थोडक्यात. चित्रं एकेक पुढे करत गोष्ट गाणं आपल्याला नवीन नाही. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र धरून रामायण-महाभारतातल्या कथा गात. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 मध्ये काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात दाखवणारी शांबरिक खरोलिका सुरू केली. पण तिथे दुःख राजा हरिश्चंद्राचं, दाखवणाऱ्याचं नव्हे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मात्र खरं दुःखच दाखवलं गेलं, आणि तेही दुसऱ्याचं. 1870 च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी ‘हिस्टेरिया’च्या रुग्ण स्त्रियांचे फोटो काढून छापले आणि त्या बायकांचे झटके व्याख्यानांत श्रोत्यांपुढे जिवंत दाखवले. सर्वांत जास्त फोटो निघालेल्यांपैकी एक किशोरवयीन मुलगी 1880 मध्ये पुरुषाचे कपडे घालून तिथून पळून गेली.

2004 मध्ये न्यूयॉर्कची ती छायाचित्रकार याच रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये आली. तिनं तिथे तीन पडद्यांवर आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट मांडली. घरच्यांनी मनोरुग्णालयात ठेवलेली ती बहीण 1965 मध्ये, अठराव्या वर्षी, आत्महत्या करून गेली होती.