ड्रेस्डेन हवाई हल्ल्याची स्मृती

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या तीन दिवसांत ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरावर बॉम्बफेक केली. एल्बे नदीकाठचे जुने शहर जळून गेले. या घटनेचे स्मरण कसे करायचे याबद्दलचा वाद आजही मिटलेला नाही आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मृतांचा आकडाच असतो.

मार्च १९४५च्या पोलिसी नोंदीत तोवर सापडलेले मृतदेह २०,२०४ होते. नाझी प्रचारयंत्रणेने त्यावर एक शून्य चढवून २,०२,०४० ही संख्या पसरवली. नाझी राजवट बुडाली, पण फुगवलेले आकडे पुस्तकांतून आणि भाषणांतून फिरतच राहिले. शहराने २००४ मध्ये इतिहासकारांचा आयोग नेमला. दफनाच्या नोंदी आणि जळालेल्या तळघरांतील अवशेष तपासून आयोगाने २०१० मध्ये निष्कर्ष दिला : जास्तीत जास्त २५,००० मृत्यू. खरे तर भयानकता कळायला फुगवट्याची गरजच नव्हती. आल्टमार्क्ट या बाजारचौकात लोखंडी जाळ्यांवर रचून ६,८६५ प्रेते जाळावी लागली होती.

पूर्व जर्मनीच्या सरकारने हा दिवस पाश्चात्त्यांच्या निषेधासाठी वापरला. १९८२ मध्ये मात्र शांततावादी तरुण सरकारला न विचारता फ्राउएनकिर्शे या चर्चच्या ढिगाऱ्यापाशी मेणबत्त्या घेऊन जमले. जर्मनीच्या एकीकरणानंतर नवनाझींनी इथे मोर्चे काढायला सुरुवात केली. त्यांना उत्तर म्हणून २०१० पासून नागरिक हातात हात धरून मानवी साखळी करतात. १३ फेब्रुवारीला रात्री पावणेदहाला, म्हणजे त्या रात्री भोंगे वाजले त्या सुमारास, चर्चच्या घंटा वाजतात.

फ्राउएनकिर्शे २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या कारागिराने घडवला, त्याचे वडील या हल्ल्यातले वैमानिक होते. भिंतीत फिकट नव्या दगडांमध्ये जुने काळे दगड ठिपक्यांसारखे उठून दिसतात. पाहुणे ती आगीची काजळी समजतात, पण हा वालुकाश्म वयानेही काळा पडतो.

ब्रिटनलाही हे स्मरण सोपे गेले नाही. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे युद्धकालीन प्रमुख आर्थर हॅरिस यांचा पुतळा १९९२ मध्ये लंडनमध्ये उभारला, तेव्हा निदर्शने झाली आणि त्यावर लाल रंग फासला गेला. या दलाच्या ५५,५७३ मृत सैनिकांचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये व्हायला २०१२ उजाडले. त्याच्या छतासाठी बेल्जियममध्ये कोसळलेल्या हॅलिफॅक्स विमानाचे ॲल्युमिनियम वापरले आहे. शिलालेखात १९३९ ते १९४५ मधील बॉम्बफेकीत मरण पावलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे. हयात विमानसैनिकांना स्वतंत्र पदक मिळाले नाही. २०१३ मध्ये जुन्या पदकाच्या फितीवर लावायची एक छोटी पट्टी तेवढी देण्यात आली.