मानसशास्त्राला प्रवेश घ्यायचाय? खान्देशातल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि पुढची वाट

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलामुलींचे तीन प्रश्न हमखास येतात. मानसशास्त्र आर्ट्सवाल्यांनाच मिळतं का? मराठी माध्यमातून जमेल का? आणि हे शिकून मनोविकारांवर उपचार करता येतात का? पहिल्या दोन प्रश्नांना दोन ओळी पुरतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र फॉर्म भरायच्या आधीच घरच्यांसोबत बसून नीट समजून घ्या.

प्रवेश कोणाला मिळतो

बी.ए.साठी कोणत्याही शाखेतून बारावी पास असलं तरी चालतं, सायन्स आणि कॉमर्सवालेही येतात. मराठीतून उत्तरं लिहायची असतील तर तशी सोय आहे का, हे प्रवेशावेळीच विचारा. खान्देशातले तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात, पण प्रत्येक संलग्न महाविद्यालयात मानसशास्त्र नाही. कुठे फक्त पहिल्या वर्षापुरता एखादा पेपर असतो. म्हणून खिडकीवर नेमका हाच प्रश्न विचारा (मेजर म्हणजे मुख्य विषय): "मानसशास्त्र मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का?"

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे जास्तच महत्त्वाचं झालंय. पहिल्या वर्षाच्या विषयांत मानसशास्त्र नसेल, तर नंतर मेजर म्हणून ते मिळेलच असं नाही. अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मनोविकारांचा पेपर, सहसा पहिल्या वर्षी नसतो. तो वरच्या वर्गात येतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते आणि पुढची एम.ए. एका वर्षात होऊ शकते.

नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेऊ, असा विचार असेल तर थांबा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राला नवे प्रवेश द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे युजीसीने, मनाई केली आहे. कोणी एजंट "डिस्टन्सने करून देतो" म्हणाला तर त्याच्या हातात पैसे देऊ नका.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) एवढं सगळ्यांनाच लागतं. बारावी दुसऱ्या बोर्डाची असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर. त्यावर छापलेली मुदत वाचा; बहुतेकांची ३१ मार्चला संपते आणि जूनमध्ये खिडकीवर गेल्यावर ते कळतं. तेव्हा सेतू केंद्रात अख्खा तालुका रांगेत असतो. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखलाही परीक्षा संपताच काढून ठेवा. जात पडताळणीचा अर्ज बारावीतच टाकलेला बरा. साक्री, नवापूर, शहादा भागातल्या आदिवासी मुलांनी तर नक्कीच, कारण जुने महसुली पुरावे गोळा करण्यातच महिने जातात.

शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेसाठी आठ लाख आहे. इथे अडतं ते नावावर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं "भाऊ" लावलेलं. माणसाला हा फरक किरकोळ वाटतो, पण अर्ज त्यावरच परत येतो. शिवाय पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. पासबुक आहे म्हणजे खातं जोडलंय असं धरून चालू नका, बँकेत विचारून घ्या.

शिकायचं काय असतं

नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ (ओसीडी), व्यसन यांची नुसती नावं पाठ करून भागत नाही. निदानाचे निकष अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५-टीआर या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीतून आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातून शिकवले जातात. आयसीडी-११ ही १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवात एखाद्या बाईच्या अंगात आलं, तर तो आजार का? आयसीडी-११ मध्ये संचाराशी संबंधित विकाराची नोंद आहे, पण अटींसह. तो अनुभव नकोसा आणि आपोआप येणारा हवा, त्याने माणसाला खरोखर त्रास होत असला पाहिजे किंवा त्याचं रोजचं जगणं अडत असलं पाहिजे, आणि समाजाने मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा तो भाग नसावा. म्हणजे कानबाईपुढे काही वेळ घुमून परत रोटाच्या प्रसादाच्या तयारीला लागलेली बाई आजारी ठरत नाही. पण घरात महिनोन्‌महिने झोप न लागणारी, घाबरून कोपऱ्यात बसणारी, कामावर जाणं सोडलेली सून असेल, तर तिला भगताकडे फिरवत न बसता दवाखान्यात न्यायला हवं. हा फरक पुस्तकातून कळतो, आणि तो कळलेली माणसं आपल्या गावागावांत हवी आहेत. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी बोलणारा विद्यार्थी इथे फार मोलाचा. "जीव घाबरा व्हस" एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या आजीशी पुढे बोलत राहणं त्यालाच जमतं.

पदवीनंतर काय करता येतं

बी.ए. किंवा एम.ए. झाल्यावर औषध लिहिता येत नाही. त्यासाठी एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. नुसत्या एम.ए.वर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" अशी पाटीही लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला क्लिनिकल अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी, दोन्ही हवं. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आजवरची वाट एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती. त्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के लागत. युजीसीने या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली, म्हणून पुढचं नियोजन करताना आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यतेचं वर्ष स्वतः तपासा. माहितीपत्रकावरच्या "मान्यताप्राप्त" शब्दावर विसंबू नका. आणि काहीही झालं तरी एम.ए.ला ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नका.

स्वतःला मनोविकार असेल तर

हे कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकारही येतो. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. त्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. उपचारांचे जुने कागद, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. या तपासणीला तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा प्रवेश सुरू व्हायची वाट बघू नका. शिकताना स्वतःलाच त्रास जाणवू लागला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही.