मॅसॅच्युसेट्सची राने, उद्याने आणि एका खात्याची दोन मुळे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सुमारे साडेचार लाख एकर जमीन ‘डीसीआर’ (डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन अँड रिक्रिएशन, म्हणजे निसर्गसंवर्धन आणि मनोरंजन खाते) या एकाच सरकारी खात्याच्या देखरेखीखाली आहे. त्यात डोंगर, जंगले आणि समुद्रकिनारे आहेत, बोस्टनला पाणी देणाऱ्या जलाशयांचे पाणलोट क्षेत्र आहे आणि कितीतरी ऐतिहासिक वास्तूही आहेत. आजच्या रूपातले खाते 2003 मधले. त्याची दोन मुळे मात्र शंभर वर्षांहून जुनी आहेत. त्यातले एक दाट वस्तीच्या शहरासाठी रुजले, दुसरे उजाड झालेल्या रानासाठी.

शहराची बाजू उभी राहिली ती चार्ल्स एलियट या तरुण उद्यानरचनाकारामुळे. ग्रंथालय पुस्तके सांभाळते, संग्रहालय चित्रे सांभाळते, तशी लोकांसाठी निसर्गरम्य जागा सांभाळणारी संस्था हवी, असे त्याने 1890 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी तसा विश्वस्त न्यास स्थापन झाला. पण नदी किंवा डोंगररांग एका नगरपालिकेच्या हद्दीत थांबत नाही, आणि देणग्यांवर एवढी जमीन मिळणेही शक्य नव्हते. सिल्व्हेस्टर बॅक्स्टर या पत्रकाराच्या साथीने त्याने पाठपुरावा केला. 1893 मध्ये बोस्टन आणि आसपासच्या गावांसाठी महानगर उद्यान आयोग नेमला गेला. आयोगाने ब्लू हिल्स आणि मिडलसेक्स फेल्स ही डोंगराळ राने घेतली. रिव्हीअरच्या किनाऱ्यालगतचे लोहमार्ग मागे हटवले आणि 1896 मध्ये तो किनारा सर्वांसाठी खुला केला. कामगार वस्तीतल्या माणसालाही समुद्रावर हक्काने जाता यावे, हा विचार त्या काळात धाडसाचाच होता. एलियट 1897 मध्ये वारला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी.

1919 मध्ये या आयोगाची पाणीपुरवठा आणि सांडपाणी मंडळाशी सांगड घातली गेली. या इतिहासातले सर्वांत वेदनादायक पान इथून सुरू होते. बोस्टनची तहान भागवण्यासाठी स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात क्वाबिन धरण बांधायचे ठरले. डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे 28 एप्रिल 1938 रोजी कायद्याने संपली. आदल्या रात्री एनफिल्डच्या सभागृहात निरोपाचा नृत्यसमारंभ झाला. सुमारे अडीच हजार माणसे उठवली गेली. हजारो कबरी उकरून नव्या दफनभूमीत हलवल्या. आज त्या जलाशयाभोवतीचे घनदाट जंगल पाहून लोक हरखून जातात. ते जंगल धरणग्रस्तांच्या गावांवर आणि शेतांवर वाढले आहे, हे त्यांना सांगितलेच पाहिजे. डेना गावाचा मधला चौक पाण्याखाली गेला नाही. घरांचे पाये आणि तळघरांचे खड्डे तिथे अजून दिसतात. आता ते स्थळ वारसा म्हणून जपले जाते.

रानाची बाजू वेगळ्या कारणाने उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्यातले बहुतेक जंगल शेतीसाठी आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी तुटले होते. पुढे शेतकरी पश्चिमेकडे किंवा गिरण्यांकडे वळले आणि पडीक शेतांवर पाइन उगवला. तोही मोठा होताच लाकडासाठी तोडला गेला. ग्रेलॉक हे राज्यातले सर्वांत उंच शिखर; तिथली तोड थांबवण्यासाठी ते 1898 मध्ये राज्याने राखीव केले. 1914 च्या कायद्यानंतर तोडलेली, जळलेली जमीन स्वस्तात विकत घेऊन सरकारी जंगले उभारणे सुरू झाले. मंदीच्या काळात, 1933 ते 1942 दरम्यान, बेरोजगार तरुणांच्या केंद्रीय योजनेतून तिथे झाडे लावली गेली, रस्ते आणि लाकडी निवारे बांधले गेले. या जंगलांत फिरताना झाडीतून धावणारे दगडी बांध दिसतात. ते जुन्या शेतांचे आहेत. इथे जंगल आणि वारसा वेगळे काढता येत नाहीत, असे मला वाटते ते यामुळेच.

वॉल्डन तळ्याची कथाही तशीच. ‘वॉल्डन’ लिहिणारा अमेरिकन लेखक थोरो 1845 ते 1847 या काळात या तळ्याच्या काठी राहिला. दुर्गा भागवतांमुळे तो मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. तळ्याभोवतीची जमीन 1922 मध्ये काही कुटुंबांनी दान दिली आणि कारभार काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, आला. 1957 मध्ये पोहणाऱ्यांच्या सोयीसाठी काठची झाडे तोडली गेली, तेव्हा नागरिक कोर्टात गेले. 1960 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. 1975 पासून तळे राज्याच्या उद्यान यंत्रणेकडे आहे.

2003 मध्ये महानगर आयोगाचे वारस खाते आणि राज्यभरची जंगले पाहणारे खाते एकत्र करून डीसीआर झाले. लोकांची सोय आधी की रानाची राखण, हा जुना ताण आता एकाच छताखाली आला. सरकारी जंगलातल्या वृक्षतोडीवरून लोकांचा रोष वाढल्यावर खात्याला आपल्या जमिनींची नव्याने विभागणी करावी लागली: लोकांच्या वापराची उद्याने, लाकूड काढण्याची मुभा असलेली वने आणि जिथे व्यापारी तोड होणार नाही अशी राखीव क्षेत्रे.