ब्रेक लागतो, पण सुटत नाही

जुनी मोटरसायकल विकत घेतल्यावर थोड्याच महिन्यांत पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड संपले, की पॅड हलक्या प्रतीचे असणार किंवा आधीच्या मालकाने संपत आलेल्या पॅडवरच गाडी विकली असणार, असे बहुतेकांना वाटते. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. परंतु चांगल्या कंपनीचे नवे पॅड घालूनही तेच घडले, तर दोष पॅडमध्ये शोधण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी ब्रेक किती चांगला लागतो यापेक्षा तो पूर्णपणे सुटतो की नाही, हे आधी तपासावे लागते.

लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला दाब ब्रेक ऑईलमार्फत कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या आणि पॅड धरणाऱ्या भागातल्या, पिस्टनपर्यंत पोहोचतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅड मिळून फिरती डिस्क आवळतात. इथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढण्यासाठी स्प्रिंग असते. इथे तशी स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवती बसवलेले, चौकोनी छेदाचे रबरी सील करते. पिस्टन पुढे सरकताना सीलची आतली कड त्याला धरून राहते, त्यामुळे सील किंचित तिरके होते; दाब ओसरला की ते मूळ आकारात येते आणि पिस्टनलाही आपल्याबरोबर मागे आणते. ही माघार एका मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढीच असते आणि सगळी व्यवस्था तेवढ्यावर चालते. पॅड झिजतात तसा पिस्टन सीलमधून घसरत पुढची जागा धरतो, म्हणून डिस्क ब्रेक वरचेवर आवळून घ्यावा लागत नाही. ही सोय खरी, पण तिच्यामुळेच झीज लिव्हरवर फारशी जाणवत नाही आणि पॅड संपेपर्यंत मालक बेसावध राहतो.

ब्रेक जरासा धरत असला तर एवढे काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. झिजेचे सर्वांत परिचित सूत्र जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडले: झिजून गेलेल्या पदार्थाचे घनफळ हे पृष्ठभागावरील दाबाचे बल आणि घासले गेलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. घर्षणाचे बल त्या दाबावरच अवलंबून असल्यामुळे ब्रेकने जितकी ऊर्जा शोषली तितकी त्याची झीज, असे ढोबळमानाने म्हणता येते. आता गाडी आणि चालक मिळून २१५ किलो वस्तुमान धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना त्यांची गतिज ऊर्जा सुमारे ३० किलोज्यूल होते. म्हणजे केवळ पुढच्या ब्रेकवर गाडी पूर्ण थांबवली, तर तो एवढी ऊर्जा शोषतो. दुसरीकडे, चिकटलेल्या ब्रेकमुळे टायरच्या परिघावर फक्त २० न्यूटनचा, म्हणजे सुमारे दोन किलो वजनाएवढा, अडथळा आहे असे मानू. चालकाला तो कळणारही नाही. पण २० न्यूटन गुणिले दीड किलोमीटर हा हिशेबही ३० किलोज्यूलच येतो. अशा गाडीवर ३० किलोमीटरचा मोकळा रस्ता कापला, एकदाही ब्रेक मारला नाही, तरी पॅडवर ६० च्या वेगावरून २० वेळा थांबण्याएवढा भार पडलेला असतो. हायवेवरच गाडी चालवतो, ब्रेक फारसा वापरतच नाही, मग पॅड कसे संपले, या तक्रारीचे उत्तर बहुधा या गुणाकारात मिळते.

शिवाय आर्चर्ड यांच्या सूत्रातला गुणक प्रत्यक्षात स्थिर राहत नाही. साध्या, ऑरगॅनिक म्हणवल्या जाणाऱ्या पॅडमधले घटक फिनॉलिक रेझिनने बांधलेले असतात आणि तापमान फार वाढले की हे रेझिन विघटित होऊन झीज झपाट्याने वाढते. वरच्या उदाहरणातला अडथळा ६० च्या वेगाला सतत ३०० वॉटहून अधिक उष्णता निर्माण करतो. काही उष्णता वारा नेतो, काही कॅलिपरमध्ये शिरते, ऑईल प्रसरण पावते, आणि त्याला मास्टर सिलिंडरच्या टाकीत परतायची वाट मोकळी नसेल तर पॅड आणखी घट्ट बसतात. ऑईल जुने असेल तर धोका वाढतो, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑईलची वाफ दाबली जाते, लिव्हर हँडलपर्यंत जातो आणि ब्रेक लागत नाही.

पिस्टन अडकतो कसा, हे पाहायचे तर झिजलेले पॅड काढल्यावर कॅलिपरमध्ये डोकवावे. पॅड पातळ होतील तसा पिस्टन बाहेर आलेला असतो आणि त्याच्या उघड्या बाजूवर पॅडची काळी भुकटी, चिखल आणि कधी तांबूस गंज यांचा थर बसलेला असतो. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने आत रेटला जातो आणि तो खरबरीत थर थेट सीलखाली जातो. जी कड पिस्टनला मागे आणणार, तीच आता त्याला अडवते. दुसरा पॅडसंच पहिल्यापेक्षा लवकर संपतो, याचे हे फार मोठे कारण आहे. यात मेकॅनिकलाच दोष देणे योग्य नाही. पॅड बदलण्याच्या मजुरीत पिस्टन बाहेर काढून साफ करण्याचा वेळ धरलेलाच नसतो. पिस्टनच्या मुलाम्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नुसती सफाई पुरत नाही, सील किट आणि पिस्टन दोन्ही बदलावे लागतात. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑईल तिथे लावू नये, कारण त्याने ही रबरे फुगतात.

एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरला दोन पिनांवर आडवे सरकता यावे लागते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, पावसाळ्याने किंवा किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने त्या पिना सुकल्या, की सहसा पिस्टनकडचा पॅड पत्र्यापर्यंत झिजतो आणि समोरचा जवळपास नवा राहतो, किंवा पॅड एका टोकाला पाचरीसारखा निमुळता होतो. म्हणून जुने पॅड फेकण्यापूर्वी शेजारी ठेवून पाहावेत. मागचे पॅडच लवकर जात असतील तर चालकाचा पाय पेडलवर टेकलेला असतो का, हेही बघावे; मागचा दिवा विनाकारण पेटत राहणे ही त्याची खूण.

दोष वर लिव्हरकडे आहे की खाली चाकाकडे, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे, लिव्हर दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑईल सोडण्याच्या स्क्रूला, नळी लावून तो किंचित सैल करावा. थोडे ऑईल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष असून दाब वरच अडकलेला आहे: मास्टर सिलिंडरमधले ऑईल परतण्याचे सुईच्या टोकाएवढे छिद्र बुजले आहे किंवा ऑईलची जुनी रबरी नळी, म्हणजे होज, आतून फुगला आहे. निपल सोडूनही चाक जडच राहिले, तर पिस्टन आणि पिना पाहाव्यात. चाचणीनंतर ऑईलमध्ये शिरलेली एअर काढणे आलेच, आणि सांडलेले ऑईल रंगावरून लगेच धुवावे. दाब वर अडकला असेल, तरी मास्टर सिलिंडर खोलण्याची घाई करू नये. आधीच्या मालकाने हौसेने बाहेरचा लिव्हर बसवलेला असेल आणि सोडलेल्या स्थितीतही तो सिलिंडरच्या पिस्टनला थोडा ढकलत असेल, तर तेवढ्यानेच ते छिद्र झाकले जाते. मूळ लिव्हर परत लावला की काम भागते.