‘यंत्रमानव माणसाला इजा करूच शकत नाही’ या समजाबद्दल

गस्त घालणाऱ्या यंत्रमानवांचा विषय निघाला की लातूर-नांदेडकडे ‘माणसाला इजा न करण्याचा नियम त्यांच्यात बसवलेलाच असतो’ असे हमखास सांगितले जाते. हे खरे नाही. ज्या तीन नियमांवरून हा समज पसरला, ते आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विज्ञानकथेतले आहेत.

प्रत्यक्षातले गस्ती यंत्र लेसर, ध्वनिलहरी आणि कॅमेरे यांतून मिळणाऱ्या मोजमापांवरून वेग कमी करते किंवा थांबते. त्याचा लेसर एकाच उंचीच्या पातळीत फिरत असेल आणि इतर संवेदकांनी ती उणीव भरून काढली नसेल, तर त्या पातळीखालचे रांगते मूल त्याला दिसणारच नाही. आपल्याकडे फलाटावर चादर अंथरून माणसे झोपतात आणि नवरात्रात तुळजापूरला अनवाणी भाविकांची रीघ लागते, म्हणून ही मर्यादा मला फार गंभीर वाटते. जुलै २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टोच्या खरेदी संकुलात सुमारे १३६ किलो वजनाच्या अशा यंत्राने १६ महिन्यांच्या बाळाला धडक देऊन पाडल्याची तक्रार पालकांनी केली आणि उत्पादक कंपनीने माफी मागितली.

यंत्रावरचे मदत मागण्याचे बटण दाबले की पोलीस येतात, हेही गृहीत धरू नये. २०१९ मध्ये त्याच राज्यातील हंटिंग्टन पार्क येथे एका महिलेने मारामारी पाहून ते दाबले, तेव्हा ते पोलिसांशी जोडलेलेच नव्हते. आपल्याकडे मदतीसाठी ११२ हाच क्रमांक लावावा.